विचार करा, पण मोठ्याने

प्रश्न साधा होता. चौकटींचा एक तक्ता. काही चौकटींत १, काहींत ०. १ म्हणजे जमीन, ० म्हणजे पाणी. वर-खाली किंवा आजूबाजूला एकमेकींना चिकटलेल्या जमिनीच्या चौकटी मिळून एक बेट होतं. तक्त्यात अशी बेटं किती, ते मोजायचं.

कोडिंगची तयारी केलेल्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न माहीत असतो. लीटकोडवर त्याचा नंबर २००. मीही तो आधी सोडवला होता. जुलै महिना होता, गावाकडे रोवणी जोरात होती, आणि मी गोंदियात मामाच्या घरी वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलो होतो. आमगाव तालुक्यातल्या आमच्या गावात पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही, म्हणून आदल्या रात्रीच येऊन राहिलो होतो. कॅमेऱ्यात दिसणाऱ्या भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं आणि कोपऱ्यात तांदळाचे कट्टे. मामीने कॅलेंडर उतरवलं, कट्ट्यांवर नवीन चादर टाकली. मामाने खाली टीव्ही बंद केला आणि दाराबाहेर चपला काढून कुणी येतंय का, यावर पहारा ठेवला.

कंपनी मोठी होती, एवढं सांगितलं तरी पुरे. मी बारा-तेरा मिनिटं गप्प बसून कोड लिहिला. कोड चालला. समोरचा इंजिनिअर सभ्य माणूस होता. मध्ये दोनदा त्याने विचारलं, काय विचार चाललाय ते सांगशील का? दोन्ही वेळा मी म्हणालो, "वन मिनिट, सर." आठवड्याने रिक्रूटरचा फोन आला. नकार. मी फारच मागे लागलो तेव्हा ती म्हणाली, कोडबद्दल तक्रार नव्हती, 'कम्युनिकेशन' कमी पडलं.

त्या फोनला आता काही वर्षं झाली. दरम्यान पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत नोकरी मिळाली, ती बरी चालली आहे. पण तो शब्द डोक्यातून गेला नाही. मुलाखत या प्रकाराबद्दल जे हाती लागलं ते मी वाचत, बघत गेलो आणि एक गोष्ट लक्षात आली. नोकरीची मुलाखत हा कथनाचा एक प्रकार आहे. त्याचे नियम आहेत, ठरलेला नायक आहे, कुणी किती बोलायचं याचे संकेत आहेत. त्यातल्या काही कृती इथे जवळून वाचायच्या आहेत: दोन बंगाली सिनेमे, पुण्यात घडलेला एक गाजलेला किस्सा, आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, जे आपल्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये पीडीएफ होऊन पडलेलं आहे.

बोलला म्हणून गेला

सत्यजित राय यांचा 'प्रतिद्वंद्वी' १९७० सालचा. सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर बेतलेला. नायक सिद्धार्थ. वडील गेले, डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सुटलं, आता कलकत्त्यात नोकरीसाठी वणवण. सुरुवातीलाच एक मुलाखत आहे. पॅनेल विचारतं, गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची घटना कोणती? सिद्धार्थ म्हणतो, व्हिएतनामचं युद्ध. साहेबांना चंद्रावर उतरलेला माणूस हवा असतो. सिद्धार्थ शांतपणे कारण देतो: चंद्रावर जाणं मोठंच आहे, पण विज्ञान ज्या गतीने पुढे चाललं होतं त्यात ते कधी तरी होणारच होतं. व्हिएतनामच्या साध्या माणसांनी जी ताकद दाखवली, तिचा अंदाज कुणालाच नव्हता. पुढचा प्रश्न येतो, तुम्ही कम्युनिस्ट आहात का? ती नोकरी त्याला मिळत नाही.

हा प्रसंग मी कोडिंगच्या मुलाखतीनंतर पाहिला आणि चमकलो. आपल्याला सगळे जे शिकवतात ते सिद्धार्थने तंतोतंत केलं आहे. दोन पर्याय समोर ठेवले, त्यांची तुलना केली, एक निवडला, का निवडला ते मोजक्या शब्दांत सांगितलं. मोठ्याने विचार केला. आणि म्हणूनच गेला. मी गप्प बसलो म्हणून गेलो. दोन्ही टेबलांवर उमेदवाराने बोलावं ही अपेक्षा आहेच, पण काय बोलायचं आणि कशा सुरात, हे टेबलाच्या पलीकडे आधीच ठरलेलं आहे. 'कम्युनिकेशन' हा शब्द म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. तो मोजपट्टीसारखा वापरला जातो, पण पट्टी कुणाच्या हाताच्या मापाची आहे ते तिच्यावर लिहिलेलं नसतं.

आजच्या कोडिंग राउंडच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तिथे तुम्हाला कुणी कम्युनिस्ट आहात का विचारत नाही. आडनावावरून प्रश्न बदलत नाही. टेस्ट केसला वशिला लागत नाही. ऑनलाइन टेस्टची लिंक गोंदियात उघडते तशीच गुरुग्राममध्येही उघडते. आमच्या सीनियर मुलांना पहिल्याच फेरीत इंग्रजी ग्रुप डिस्कशनमध्ये गाळलं जायचं, त्या मानाने हे फार पुढचं पाऊल आहे. फक्त त्या बदल्यात प्रश्नपत्रिकेतून जगच गायब झालं. सिद्धार्थला निदान विचारलं तरी गेलं की तुझ्या काळात काय घडलं.

पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, मृणाल सेन यांचा 'इंटरव्ह्यू' आला. तिथे नायकाला ओळखीतून एका विलायती कंपनीत नोकरी जवळपास ठरलेली आहे. अट एकच, मुलाखतीला सूट घालून यायचं. सूट लाँड्रीत आणि लाँड्रीवाले संपावर. मग उसना सूट, मग बसमधल्या गोंधळात तोही हरवतो, आणि शेवटी माणूस धोतर नेसून साहेबांसमोर उभा राहतो. नोकरी जाते. अख्खा सिनेमा एका कपड्यामागे धावतो आणि त्या धावण्यातच एका शहराची गुलामी दाखवतो.

आज टी-शर्टवर मुलाखत देता येते, सूट कुणी मागत नाही. पण सूट गेलेला नाही, तो फक्त अंगावरून जिभेवर आणि पाठीमागच्या भिंतीवर सरकला. मामीने तांदळाच्या कट्ट्यांवर टाकलेली चादर हा आमच्या घरचा उसना सूटच होता. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. साहेबासमोर काय झाकायचं असतं, हे आपल्या घरांना न सांगता कळतं.

'प्रतिद्वंद्वी'च्या शेवटी सिद्धार्थ कलकत्ता सोडून बालुरघाट नावाच्या लहान गावात औषध कंपनीचं काम घेऊन जातो. तिथे त्याला लहानपणापासून आठवत असलेल्या पक्ष्याचा आवाज पुन्हा ऐकू येतो. शेवट सुंदर आहे, पण गोंदियात बसून पाहताना जरा टोचतो. महानगराच्या सिनेमात लहान गाव म्हणजे हरल्यावर जायची जागा. आमच्यासाठी ती निघायची जागा आहे. सारस आमच्या धानाच्या बांध्यांत आजही उतरतात. ते ऐकायला आम्हाला आधी कुठली नोकरी हरावी लागत नाही.

पोस्टकार्डातली गाळलेली ओळ

इंजिनिअरच्या मुलाखतीचा आपल्याकडचा सगळ्यात लाडका किस्सा सुधा मूर्ती यांचा. त्यांनी स्वतः तो लिहिला आहे आणि व्हॉट्सॲपने तो घरोघरी पोचवला आहे. १९७४ साल. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या शिकत होत्या. नोटीस बोर्डावर टेल्कोची जाहिरात, आणि खाली लिहिलेलं की मुलींनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. काही दिवसांत तार आली, कंपनीच्या खर्चाने पुण्याला मुलाखतीला या. त्या गेल्या, उत्तरं दिली आणि टेल्कोच्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या.

हा मजकूर फॉरवर्ड म्हणून वाचला तर 'हिंमत करा, जग बदलेल' एवढंच हाताला लागतं. मूळ लेख नीट वाचला तर त्यात दोन गोष्टी सापडतात, ज्या फॉरवर्डमध्ये हमखास गळतात.

पहिली: त्यांना ही नोकरी नकोच होती. पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेच्या शिष्यवृत्त्यांचे देकार हातात होते. पुण्याला जाण्यात आकर्षण होतं ते स्वस्तात साड्या मिळतील याचंही. पॅनेलसमोर बसल्यावर 'जे. आर. डी. ना पत्र लिहिणारी हीच' अशी कुजबुज कानावर आली, तेव्हा आपल्याला निवडणार नाहीत असं गृहीत धरूनच त्या बोलल्या, की ही फक्त तांत्रिक मुलाखत असेल अशी आशा आहे. हा निर्भयपणा खरा आहे. पण त्याच्या पाठीशी एक गादी आहे आणि लेखिकेने ती लपवलेली नाही. ज्याची पुढची फी, बहिणीचं लग्न किंवा सोसायटीचं कर्ज या एका कॉलवर टांगलेलं आहे, त्याला हा सूर कसा लागेल? धीटपणा हा स्वभावाचा भाग असतो तसा बँकेतल्या शिलकीचाही असतो.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. त्या पोस्टकार्डाने उमेदवाराची तयारी सुधारली नाही, जाहिरातीच्या अटीलाच आव्हान दिलं. 'मी तुमच्या नियमात कशी बसेन' हा प्रश्न तिथे नाहीच. 'तुमचा नियम चुकीचा आहे' हे विधान आहे. आज मुलाखतीबद्दल जे काही लिहिलं जातं, त्यात हे विधान मला जवळपास कुठेच दिसत नाही.

१८९ प्रश्न आणि एक गृहीतक

आता पुस्तकाकडे. त्याच्या आधीचा काळ कोड्यांचा होता. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या लेखी परीक्षांसाठी एके काळी मुलं शकुंतला देवींचं 'पझल्स टू पझल यू' घोकायची. तिकडे अमेरिकेत मोठ्या टेक कंपन्यांच्या विक्षिप्त कोड्यांच्या दंतकथा झाल्या होत्या. जून २०१३ मध्ये एक गंमत घडली. त्या महिन्यात 'द इंटर्नशिप' हा हॉलिवूडचा सिनेमा आला. त्यात दोन सेल्समन गूगलच्या मुलाखतीत 'तुम्ही नाण्याएवढे लहान होऊन मिक्सरच्या भांड्यात पडलात तर काय कराल' या प्रश्नावर बडबड करून आत शिरतात. त्याच महिन्यात गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्झलो बॉक यांनी न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं की असली कोडी निव्वळ वेळ घालवणारी आहेत, त्यातून उमेदवाराबद्दल काही कळत नाही, विचारणाऱ्याला फक्त आपण हुशार असल्याचं समाधान मिळतं. पडद्यावर कोडं जिंकत होतं आणि ते वापरणारेच ते मोडीत काढत होते.

कोड्यांची जागा घेतली अल्गोरिदमच्या प्रश्नांनी, आणि त्यांची पोथी म्हणजे गेल लाकमन मॅक्डॉवेल यांचं 'क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू'. पहिली आवृत्ती २००८ ची, आपण वापरतो ती बहुधा सहावी, २०१५ ची. १८९ प्रश्न, त्यांची उत्तरं, आणि सुरुवातीला मुलाखत आतून कशी चालते याचं वर्णन. लेखिका स्वतः गूगलमध्ये उमेदवार निवडणाऱ्या समितीवर होत्या, त्यामुळे माहिती पक्की आहे.

हे पुस्तक मला मनापासून आवडतं. आधी जे ज्ञान मोठ्या कॉलेजांच्या होस्टेलमध्ये सीनियरकडून ज्युनियरकडे तोंडी जायचं, ते यात पानांवर आलं. ज्याच्या ओळखीत एकही इंजिनिअर नाही अशा मुलालाही कळतं की आधी उदाहरण घ्यावं, मग साधा-भोळा उपाय सांगावा, मग वाया जाणारं काम कुठे होतंय ते शोधावं, आणि सगळ्यात शेवटी कोड लिहावा. ही पद्धत नुसती मुलाखतीपुरती नाही, कामातही उपयोगी पडते. सांगण्याची शैली प्रेमळ आहे. आपल्याकडच्या गाइडांसारखा घाबरवण्याचा धंदा त्यात नाही.

पण या पुस्तकाच्या पोटात एक गृहीतक आहे. बोलत राहा, विचार ऐकू येऊ द्या, असं ते पुनःपुन्हा सांगतं. बोलणं हे त्याच्या लेखी बायनरी सर्चसारखं एक कौशल्य आहे. दहा वेळा करा, जमेल. ज्या भाषेत माणूस विचार करतो त्याच भाषेत तो बोलणार, हे त्यात न सांगता धरून चाललेलं आहे. पुस्तकात बाकी इतकी बारीकसारीक मदत असताना याविषयी एक प्रकरण असायला हवं होतं.

शिवाय इथे भाषेच्या पलीकडचंही काही आहे. २०२० साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ जणांना कोडिंगचा प्रश्न दिला. काहींनी तो परीक्षकासमोर, मोठ्याने समजावत, फळ्यावर सोडवला. बाकीच्यांनी बंद खोलीत एकट्याने. कुणी तरी बघत असताना लोकांची कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. त्यात भाग घेतलेल्या मुलींपैकी परीक्षकासमोर बसलेली एकही पास झाली नाही, आणि एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या झाल्या. प्रयोग लहान होता, त्यावरून जगाचा कायदा काढू नये. तरी 'तुला येत नाही' आणि 'तुला बघितल्यावर येत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने स्वच्छ दाखवलं.

बांधीतलं पाणी

त्या बारा-तेरा मिनिटांत मी काय विचार करत होतो, ते आज सांगतो.

आमच्याकडे धानाच्या शेताचे लहान लहान तुकडे असतात, त्यांना बांधी म्हणतात. प्रत्येक बांधीभोवती मातीचा धुरा. रोवणीच्या वेळी पाणी एका बांधीत सोडायचं. धुरा जिथे फोडलेला असेल तिथून ते शेजारच्या बांधीत जातं, तिथून पुढच्या, आणि धुरा शाबूत असेल तिथे थांबतं. भरलेल्या बांधीत पाणी पुन्हा भरावं लागत नाही. सगळं थांबलं की नजर फिरवायची. एखादी बांधी कोरडी दिसली तर तिथे नव्याने पाणी सोडायचं. शेवटी फक्त एवढंच मोजायचं, की आपल्याला स्वतः पाणी किती वेळा सोडावं लागलं. तितकी बेटं.

झालं. हाच अल्गोरिदम. किती वेळ लागेल? प्रत्येक बांधीत पाणी एकदाच भरतं आणि तिचे चारच धुरे तपासायचे, म्हणजे जितक्या बांध्या त्या प्रमाणात काम. अडचण कुठे येईल? शेत फार मोठं असेल तर फंक्शन स्वतःलाच बोलावत इतकं खोल जाईल की स्टॅक भरून जाईल, म्हणून मग पुढच्या बांध्यांची एक रांग ठेवायची. मुलाखतीत जे जे विचारतात ते सगळं या चित्रात आहे. आणि ते गावठी भाषांतर आहे असंही समजू नका. इंग्रजीत या पद्धतीला 'फ्लड फिल' म्हणतात. तिथेही पाणीच आहे.

ज्यांच्या अंगणात हे चित्र तयार झालं, ते लोक पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचंच गणित करत आले. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात जुने मालगुजारी तलाव आहेत, आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. चढ-उतार नजरेने जोखून पाणी कुठे अडवायचं, कुठून सोडायचं हे त्यांनी ठरवलं. त्यांना कुणी फळ्यासमोर उभं करून विचारलं नाही, हे आपलं नशीब.

मग मी हे बोललो का नाही? एक तर लाज. मोठ्या कंपनीच्या इंजिनिअरला धानाच्या बांधीचं काय सांगायचं, हा विचार माझ्याही नकळत आधीच होऊन गेला होता. कट्ट्यांवर चादर मामीने टाकली, बांध्यांवर मी टाकली. दुसरं कारण साधं, यांत्रिक. घरात पोवारी, शाळेत मराठी, गोंदियाच्या बाजारात हिंदी आणि कॉलवर इंग्रजी. चित्र पोवारीत दिसतं, कोड इंग्रजीत लिहायचा आणि त्याच वेळी तोंडाने व्याकरण सांभाळायचं. एकाच डोक्यात हे सगळं एकदम चालवलं की काही तरी बंद पडतं. माझं तोंड बंद पडलं.

इथे समोरच्याची बाजूही मांडतो, कारण आता मी तिकडेही असतो. आमच्या टीममध्ये कुणी काहीच न सांगता चारशे ओळींचा कोड पाठवला की माझा दिवस जातो. तू असं का केलंस, हे विचारायचा मला हक्क आहे आणि त्याने सांगितलंच पाहिजे. त्यामुळे उमेदवाराने विचार उघड करावा ही मागणी रास्तच आहे. चूक मोजण्यात होते. ऐकू येतो तो अस्खलितपणा आणि फॉर्ममध्ये लिहिलं जातं 'विचारांची स्पष्टता'. इंग्रजीत सफाईने घोळ घालणारा त्यात पास होतो, आणि अडखळत नेमकं सांगणारा मागे राहतो.

मी, आम्ही आणि आपण

त्याच दिवशी दुसरी फेरी होती, स्वभाव तपासण्याची. 'तू एखादा अवघड प्रश्न सोडवलास असा प्रसंग सांग.' याचं उत्तर द्यायचा साचा तयारीच्या व्हिडिओंमध्ये सापडतो: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. चार पायऱ्यांची गोष्ट. नायक एकच, आणि त्याचं सर्वनाम 'मी'.

मी कॉलेजचा प्रोजेक्ट सांगितला. धान खरेदी केंद्रावर शेतकऱ्यांना ट्रॅक्टर घेऊन ताटकळावं लागतं, म्हणून मेसेजवर टोकन देणारी एक साधी सोय आम्ही तिघांनी बनवली होती. मी 'वुई' म्हणत गेलो. बाईंनी दोनदा थांबवलं, "हो, पण तू काय केलंस?"

तेव्हा मला हा प्रश्न उद्धट वाटला होता. मराठीत आपल्याकडे 'आम्ही' आहे आणि 'आपण' आहे. एकात ऐकणारा बाहेर असतो, दुसऱ्यात तो आत येतो. इंग्रजीच्या 'वुई'मध्ये हा फरक दिसत नाही. रोवणीला माणूस एकटा उतरत नाही, रांगेने उतरतात. तिथे 'माझ्या हाताने किती पऱ्हे रोवले' असं सांगणारा हास्यास्पद ठरेल. चार पायऱ्यांचा तो साचा ही सगळी माणसं कापून एकाला उभा करतो, असा लेख मी तेव्हा लिहिला असता आणि मला टाळ्याही मिळाल्या असत्या.

पण नंतर खरं आठवलं. आमच्या तिघांत एक मुलगी होती. खरेदी केंद्रावर उन्हात उभं राहून शेतकऱ्यांना विचारणारी ती, मेसेज मराठीतच हवेत आणि आकडे मोठे दिसले पाहिजेत हे शोधून काढणारीही ती. कॉलेजच्या प्रत्येक सादरीकरणात बोललो आम्ही दोघं मुलं. 'आम्ही' म्हणत. त्या 'आम्ही'ने तिला गिळलं होतं, आणि त्या बाईंचा प्रश्न सरळ ऐकला असता तर उत्तरात तिचं काम वेगळं सांगावं लागलं असतं. सामूहिक सर्वनाम नेहमीच नम्र असतं असं नाही. कधी कधी ते दुसऱ्याच्या कष्टावर टाकलेली चादर असते. सुधा मूर्तींचं पोस्टकार्ड 'मी'मध्येच लिहिलेलं होतं, आणि ते तसंच लिहिणं गरजेचं होतं.

निकाल: सिलेक्टेड

या सगळ्यापेक्षा आपण जास्त वाचतो तो प्रकार म्हणजे 'इंटरव्ह्यू एक्सपिरियन्स'. गीक्सफॉरगीक्सवर, लिंक्डइनवर, यूट्यूबवर. रचना ठरलेली: पहिली फेरी, दोन प्रश्न, दुसरी फेरी, ट्री आणि ग्राफ, तिसरी फेरी, प्रोजेक्ट, निकाल, सिलेक्टेड, शेवटी ज्युनियरसाठी चार टिपा. अनोळखी मुलं एकमेकांसाठी विनामूल्य इतकं लिहितात, ही मोठी गोष्ट आहे. माझी अर्धी तयारी त्यावरच झाली.

फक्त या गोष्टींत माणूस नसतो. किती प्रश्न सोडवले ते असतं. कुणाच्या घरी बसून, कुणाच्या वायफायवर, किती वेळा नापास होऊन, ते नसतं. मेहनत हे एकच कारण आणि ऑफर हा एकच शेवट. वाचणाऱ्याला नकार मिळाला की त्याच्याजवळ एकच निष्कर्ष उरतो, आपणच कमी पडलो. नकाराची गोष्ट गाजते ती आधीच मोठ्या झालेल्या माणसाची. २०१५ मध्ये मॅक्स हॉवेलने ट्विट केलं की ज्यांचे इंजिनिअर त्याने बनवलेलं होमब्रू वापरतात त्या गूगलने त्याला फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून नाकारलं. जगभर चर्चा झाली, कारण तो होमब्रूचा निर्माता होता. आमगाव-सालेकशाच्या पोराने हेच लिहिलं तर खाली कमेंट येईल, 'भावा, अजून मेहनत कर.'

हे लेखन आता मराठीत व्हायला पाहिजे, कारण नियम पुन्हा बदलतायत. ऑनलाइन मुलाखतीत एआयची चोरून मदत घेणं सोपं झालं, म्हणून किमान एक फेरी समोरासमोर घेण्याची भाषा २०२५ मध्ये खुद्द सुंदर पिचाई यांनी केली. कंपनीच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण गोंदियात त्याचा अर्थ रेल्वेचं तिकीट, हैदराबाद किंवा बंगळूरमध्ये एका रात्रीची सोय आणि नवीन बूट. मृणाल सेन यांचा सूट लाँड्रीतून परत येतोय. तो येताना आपल्याकडे पीडीएफशिवाय स्वतःचं काही लिहिलेलं असावं.

मी रविवारी संध्याकाळी गावाकडच्या चार-पाच मुलामुलींचे सराव इंटरव्ह्यू घेतो. नियम एकच आहे: उपाय आधी घरच्या भाषेत सांगायचा, नंतर इंग्रजीत, आणि कोड सगळ्यात शेवटी. मागच्या रविवारी एका मुलीला मी बेटांचाच प्रश्न दिला. बांधीचं उदाहरण मी सांगितलं नव्हतं, ते तिचं तिला सुचलं. मराठीत तिने दोन मिनिटांत सगळं मांडलं. इंग्रजीत 'वॉटर' आणि 'फील्ड'पर्यंत नीट आली आणि अडली.

"दादा, धुऱ्याला इंग्रजीत काय म्हणू?"

मी म्हटलं, धुराच म्हण, आणि धुरा म्हणजे काय ते त्यांना एका वाक्यात सांग.

तिने सांगितलं. मग कोड लिहायला घेतला, आणि लिहिताना बोलत राहिली. तिची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.